मिश्रण एक, द्रवणांक दोन

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात द्राक्षे व टोमॅटो यांच्या वाहतुकीसाठी क्रेट तयार होतात. पुनर्वापराच्या पॉलिप्रोपिलीन दाण्यात आम्ही शेकडा ३० एचडीपीई (जास्त घनतेचे पॉलिएथिलीन) मिसळतो. डीएससी चाचणीत (नमुना हळूहळू तापवून तो कोणत्या तापमानाला किती उष्णता शोषतो ते मोजतात; वितळताना आलेखावर शिखर दिसते) दोघांच्या द्रवणांकांच्या प्रमाणानुसार सरासरीला, म्हणजे १५४ अंश सेल्सिअसच्या आसपास, एकच शिखर अपेक्षित असताना १३१ आणि १६४ अंशांवर दोन शिखरे आली. थंडीत क्रेटचे कोपरेही तडकतात. यंत्राच्या बॅरलचे (दाणे वितळवणाऱ्या तापत्या नळकांड्याचे) तापमान वाढवावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तापमान वाढवू नये. द्रवणांक हा स्फटिकाचा गुणधर्म आहे. त्याची सरासरी निघायची तर दोन्ही पॉलिमरांच्या साखळ्या एकाच स्फटिकात बसायला हव्यात आणि या दोघांच्या बाबतीत ते घडत नाही. पॉलिएथिलीनची साखळी सपाट नागमोडी असून तिचे स्फटिक समचतुर्भुजी (तिन्ही अक्ष एकमेकांना काटकोनात असलेले) असतात. पॉलिप्रोपिलीनमध्ये एक सोडून एका कार्बनला मिथिल गट जोडलेला असल्यामुळे साखळी सरळ राहू शकत नाही. ती दर तीन एककांना (साखळीतील प्रोपिलीनच्या दुव्यांना) एक फेरा घेत मळसूत्री वळते आणि तिचे नेहमीचे स्फटिक एकनताक्ष (एक अक्ष कललेला असलेले) असतात. २०० अंशांना दोन्ही पूर्ण वितळलेली असली, तरी पॉलिएथिलीन बारीक थेंबांच्या रूपात वेगळेच राहते. त्यापुढे उष्णता फार वाढवली, तर पॉलिप्रोपिलीनच्या साखळ्या तुटू लागतात आणि क्रेट अधिकच ठिसूळ होतो.

शिखरांच्या जागेपेक्षा त्यांच्या क्षेत्रफळाकडे, म्हणजे वितळताना शोषलेल्या उष्णतेकडे पाहावे, असे मी आग्रहाने सुचवेन. समजा, १३१ अंशांच्या शिखराची उष्णता मिश्रणाच्या दर ग्रॅमला ५८ जूल आली. हिला थेट २९३ ने, म्हणजे पूर्ण स्फटिकी पॉलिएथिलीनचा एक ग्रॅम वितळवायला लागणाऱ्या जूलांनी भागल्यास पॉलिएथिलीनची स्फटिकता (त्यातील स्फटिकरूप भागाचे प्रमाण) शेकडा २० दिसते, आणि ही चूक पुष्कळ अहवालांत आढळते. आधी ०.३ ने, म्हणजे मिश्रणातील पॉलिएथिलीनच्या वाट्याने भागावे. १९३ जूल येतात आणि स्फटिकता शेकडा ६६ ठरते. पॉलिप्रोपिलीनसाठी २९३ च्या जागी २०७ जूल धरतात. मात्र पुनर्वापराच्या पॉलिप्रोपिलीनमध्ये थोडे पॉलिएथिलीन बहुधा आधीच मिसळलेले असते, त्यामुळे आपले ३० हे प्रमाण किमान समजावे.

तडकण्याचे कारण द्रवणांकात नाही. पॉलिप्रोपिलीनचा अस्फटिकी भाग शून्य अंशाच्या आसपास काचेसारखा कडक होतो, आणि निफाडकडे काही हिवाळ्यांत पहाटे पारा ५ अंशांखाली उतरतो. अशा वेळी गाडीतून क्रेट आपटला, तर धक्का सोसण्याची त्याची ताकद फारच कमी असते. पॉलिएथिलीन मात्र उणे १०० अंशांच्याही खाली गेल्याशिवाय तसे कडक होत नाही. तरीही त्याचा पुरेसा उपयोग होत नाही, कारण थेंब आणि भोवतालचे पॉलिप्रोपिलीन यांची पकड कच्ची असते आणि तडा त्या सीमेवरूनच पुढे सरकतो. थोडे एथिलीन-प्रोपिलीन रबर मिसळल्यास ते या सीमेवर बसून दोघांना धरून ठेवते. ते घातल्यावरही डीएससीत दोन्ही शिखरे जवळपास जिथल्या तिथेच राहतील. फरक पाहायचा तो थंड केलेल्या क्रेटच्या आघात चाचणीत.