हिरवा ठिपका, तपकिरी त्रिकोण आणि मटणाची ॲलर्जी

प्रश्न : ताई, माझा लहान भाऊ चार वर्षं अमेरिकेत व्हर्जिनियाला होता, तिथं त्याला गोचीड चावली आणि तेव्हापासून मटण खाल्लं की अंगभर गांध्या उठतात. बरं लगेच नाही, रात्री नऊला सावजी जेवला की दीड-दोनला उठून खाजवत बसते. डॉक्टरांनी रक्त तपासून अल्फा-गॅल ॲलर्जी सांगितली. मटण बंद केलं, चिकन चालते म्हणाले, म्हणून फ्रोझन नगेट्स, सॉसेज, मोमो आणून राहिली. पाकिटावर नेमकं काय पाहू? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर : आधी एक सांगते, उशिरा उठणाऱ्या गांध्यांचा संबंध मटणाशी लावायला लोकांना वर्षंवर्षं लागतात, तुमच्याकडे निदान झालं हे फार चांगलं झालं. ही ॲलर्जी सस्तन प्राण्यांच्या मांसातल्या एका साखरेची असते, म्हणजे बोकड, मेंढी, डुक्कर, गाय-म्हैस सगळंच बंद, कोंबडी, मासे, अंडी सहसा चालतात.

आता पाकीट. हिरवा ठिपका असेल तर मांस, चरबी, जिलेटिन (जनावरांची हाडं-कातडी उकळून काढलेला चिकट पदार्थ) त्यात घातलेलं नसतं, पण दूध असू शकतं. बऱ्याच जणांना दूध चालतं, काहींना नाही, भावाचं डॉक्टरांना विचारूनच ठरवा. खरी अडचण तपकिरी त्रिकोणाची, कारण तो चिकनलाही तोच, मटणालाही तोच आणि नुसतं अंडं असलं तरी तोच. आणि खाली ठळक अक्षरात ‘ॲलर्जन’ म्हणून जी ओळ असते ना, तिच्यावर अजिबात विसंबू नका हो, आपल्याकडच्या नियमात त्या यादीत दूध, अंडं, मासे, सोया, शेंगदाणे, गहू वगैरे आहे, मांस नाहीच! त्यामुळे ती ओळ कोरी दिसली म्हणून मटण नाही असं होत नाही.

म्हणून घटकांची पूर्ण यादी वाचायची. फ्रीजरमधून काढलेल्या पाकिटावर बर्फ साचलेला असतो आणि अक्षरं बारीक, तर अंगठ्याने पुसा, मोबाईलवर फोटो काढा, मोठा करून वाचा. जिलेटिन, चरबी, लार्ड (म्हणजे डुकराची चरबी), कोलॅजन (जनावरांच्या कातडी-हाडांतलं प्रथिन) हे शब्द शोधा. चिकन सॉसेज जास्त जपून, आतलं सारण कोंबडीचं पण वरचं आवरण मेंढीच्या आतड्याचं किंवा गुरांच्या कोलॅजनचं असू शकतं. त्रिकोण असलेल्या पाकिटावर ४७१ नंबरचं इमल्सिफायर (तेल-पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) दिसलं तर ते वनस्पतीचं की जनावराचं हे पाकिटावरच्या नंबरला फोन करून विचारा, त्याच कारखान्यात मटणाचे कबाब बनतात का तेही विचारून घ्या. नीट उत्तर नाही मिळालं तर ते पाकीट घेऊ नका, सरळ ताजं चिकन आणा. कॅप्सूलचं आवरणही बरेचदा जिलेटिनचं असतं, केमिस्टला सांगून ठेवा.

आणि खाल्ल्यावर पाकीट लगेच फेकू नका. त्रास साधारण दोन ते सहा तासांनी होतो, म्हणून सकाळपर्यंत ओट्यावर राहू द्या. श्वास लागला, घसा आवळला, चक्कर आली तर मात्र गोळी देऊन वाट पाहत बसू नका, मध्यरात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठा आणि ते पाकीट सोबत न्या.