ॲमेझॉनच्या जंगलातले कोणते चित्रपट आणि माहितीपट बघावेत?

आधी वर्नर हर्झोगचा 'फिट्झकराल्डो' (१९८२) बघा. पेरूच्या जंगलात ऑपेरा हाऊस बांधायचं खूळ घेतलेला माणूस रबराच्या पैशासाठी आख्खी आगबोट डोंगरावरून पलीकडच्या नदीत नेतो. हर्झोगने छोटं मॉडेल वगैरे वापरलं नाही. कप्प्या आणि दोरखंड लावून, चिखलाच्या चढावरून खरीखुरी बोट ओढली! या उपद्व्यापावरचा लेस ब्लँकचा माहितीपट 'बर्डन ऑफ ड्रीम्स' मला तर मूळ चित्रपटापेक्षा सरस वाटतो. जंगलाला कंटाळलेला हर्झोग त्यात कॅमेऱ्यासमोर काय वैतागतो, ते ऐकाच.

तिथल्या मूळ रहिवाशांच्या नजरेतून हवं असेल तर कोलंबियाचा 'एम्ब्रेस ऑफ द सर्पंट' (२०१५). कृष्णधवल आहे, सुरुवातीला जरा संथ वाटेल. नेट लावून बघा. 'ॲनाकोंडा' टीव्हीवर लागलाच तर ठीक, मुद्दाम शोधू नका.