धोरण, नीती आणि घोड्याची दुडकी चाल

प्रश्न असा आहे: संस्थांना आणि कंपन्यांना डिजिटल नियमन व सायबर सुरक्षेबाबत सल्ला देणाऱ्या एका फर्मचं मराठी माहितीपत्रक तयार होतंय. त्यात पॉलिसीसाठी 'नीती' वापरावा की 'धोरण'? आणि रेग्युलेशनला 'नियमन' म्हणावं की 'विनियमन'?

'नीती' आधी खोडा. हिंदीत ती खुशाल चालते, मराठीत सुटी 'नीती' म्हणजे सदाचार. 'आम्ही कंपन्यांची सायबर नीती सुधारतो' असं छापलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, बिचाऱ्या कंपन्या इंटरनेटवर भलत्या नादाला लागल्या आहेत. राजनीती, कूटनीती या समासांत जुना अर्थ टिकलाय, पण तेवढ्यावर सुट्या शब्दाला तो भार पेलत नाही. 'रणनीती' हल्ली जिथे तिथे ऐकतो. पासवर्ड किती अक्षरी असावा हे ठरवायला रणात उतरावं लागत नाही.

'सायबर'चं मूळ जहाजाचं सुकाणू धरणाऱ्या ग्रीक माणसात आहे, हे प्रत्येक व्याख्याता सांगतो. ते सोडून देतो. गंमत आहे ती 'धोरण' या शब्दात.

पाणिनीय धातुपाठात 'धोर्' हा धातू आहे, अर्थ दिलाय 'गतिचातुर्य'. अमरकोशात 'धोरण' चक्क वाहनाच्या पर्यायांत बसलंय: यान, युग्य, पत्र, धोरण. त्याच कोशात घोड्याच्या पाच चाली सांगितल्यात, त्यांतली एक 'धौरितक', म्हणजे आपली दुडकी चाल. उधळणं नाही, रेंगाळणंही नाही. लांबचा पल्ला गाठायचा तर घोड्याला याच चालीवर ठेवतात. तिथून 'बोलण्याचं धोरण', म्हणजे बोलण्याचा रोख, आणि मग 'सरकारचं धोरण' इथवर मराठी कशी आली असेल, हे मला तरी लख्ख दिसतं. शंका वाटत असेल तर 'चाल' हाच शब्द घ्या. तीही आधी पायांची, मग सोंगट्यांची, मग डावपेचांची. दोन शब्द एकाच वाटेने गेले.

काही जाणकार 'धोरण'चं नातं 'धुरे'शी जोडतात. मला ते नुसत्या ध्वनिसाम्यावर रचलेलं वाटतं. धुरेतून धुरीण आला, धुरंधर आला. दोघांच्याही खांद्यावर जू आहे. धोरणी माणसाच्या खांद्यावर काही नसतं, त्याला फक्त पुढची वाट दिसत असते. गुजरातीत 'धोरण' म्हणजे मानक, आणि शाळेची इयत्तासुद्धा. पत्रकाचं पुढे गुजराती करणार असाल तर हा शब्द तसाच उचलू नका. सायबर सुरक्षेत पॉलिसी आणि स्टँडर्ड हे दोन वेगळे कागद असतात.

आता चीड येते ती गोष्ट. 'युरोपच्या डेटा धोरणाचा भंग केल्यास जागतिक उलाढालीच्या 4 टक्क्यांपर्यंत दंड,' असं लिहिलेलं वाचतो. अहो, तो जीडीपीआर आहे, युरोपीय संघाचा डेटा संरक्षणाचा कायदा आहे! कंपनीचं धोरण कंपनी स्वतः आखते: कोणाला कुठला डेटा दिसावा, लॉग, म्हणजे संगणकावरच्या हालचालींच्या नोंदी, किती दिवस ठेवावेत, घुसखोरी झाली तर रात्री दोनला फोन कोणाला लावायचा. ते मोडणाऱ्या कर्मचाऱ्याला मेमो मिळतो. दंड ठोठावते बाहेरची यंत्रणा, आणि तो कायदा मोडल्याबद्दल.

युरोपात या कायद्यांतही जाती आहेत. जीडीपीआर हा 'विनियम': 25 मे 2018 पासून सगळ्या सदस्य देशांत थेट लागू, प्रत्येक संसदेने तो वेगळा मंजूर करायची गरज नाही. सायबर सुरक्षेचा एनआयएस 2 हा मात्र 'निर्देश': तो देशांना उद्देशून असतो आणि प्रत्येक देशाने त्यानुसार आपापला कायदा करायचा असतो, त्यासाठी मुदत होती 17 ऑक्टोबर 2024. उलट आपल्याकडे सर्ट-इनने, म्हणजे सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, 28 एप्रिल 2022 ला काढले तेही 'निर्देश'च, पण ते थेट कंपन्यांना बांधतात, सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवा म्हणतात. शब्द एक, वजन वेगळं. सल्लागाराच्या पत्रकात हे दोन निर्देश एका ओळीत आले तर मधे खुलाशाचं एक वाक्य हवंच.

'विनियमन' की 'नियमन'? परिभाषावाले 'वि' सोडायला तयार नाहीत. पण स्थावर संपदेच्या 2016 च्या अधिनियमाच्या नावात 'विनियमन' आहे आणि त्याखाली नेमलेलं प्राधिकरण मात्र 'नियामक'. तिथे 'विनियामक' म्हणायला त्यांचीही जीभ वळली नाही. तेव्हा देखरेखीच्या क्रियेला 'नियमन', देखरेख करणाऱ्याला 'नियामक', आणि छापील कलमांच्या दस्तऐवजाला 'विनियम', एवढं पुरे. फक्त प्रुफं नीट तपासा. 'विनियम'चा 'विनिमय' सहज होतो, आणि 'डेटा संरक्षण विनिमय' म्हणजे डेटाची देवाणघेवाण.