कौतुक करावे, पण मस्का वाटू नये

प्रश्न : मी एक्केचाळीस वर्षांचा असून नौपाड्यात राहतो आणि नोकरीसाठी रोज ऐरोलीला जातो. आमच्या घरात कौतुकाची पद्धत नव्हती. प्रगतिपुस्तकावर सही करताना वडील फक्त गेलेल्या गुणांची चौकशी करत. अलीकडे मी ठरवून चांगले बोलू लागलो आहे, तर पत्नी विचारते, "आज स्वारी खुशीत दिसते, काय हवंय?" कार्यालयातील कनिष्ठ सहकारी "सर, आणखी काही काम होतं का?" असे म्हणते. मनापासून बोललेले खरे का वाटत नाही? की मी उगाच लोकांना अवघडून टाकतो?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : त्या दोघींना बोल लावण्यापूर्वी, ती वाक्ये तुम्ही कोणत्या वेळी उच्चारली होती हे आठवून पाहा. आपल्याकडे कौतुक बहुधा कामाच्या पुढे चालत येते. "तुझ्या हातच्या चहाला तोड नाही" असे म्हणणाऱ्याला चहा हवा असतो, आणि "एक्सेल तुमच्याइतकं कोणालाच जमत नाही" हे वाक्य शुक्रवारी संध्याकाळी कानावर आले की आपला शनिवार गेला, हे कोणत्याही नोकरदाराला सांगावे लागत नाही. इतक्या वर्षांच्या अनुभवाने सावध झालेल्या माणसाने तुमच्या वाक्यामागे विनंतीची वाट पाहिली, तर त्यात नवल नाही. म्हणून काही दिवस कौतुकाचे वाक्य बोलून तिथेच थांबा. त्याच्या मागून काम येऊ देऊ नका आणि 'पण'ही येऊ देऊ नका, कारण "भाजी छान झाली, पण मीठ जरा कमी आहे" यातले मीठ तेवढे लक्षात राहते. मीठ वरून घेता येते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. "छान", "मस्त", "एक नंबर" हे शब्द समोरच्या गोष्टीकडे न पाहताही तोंडातून निघतात, त्यामुळे ते ऐकणाऱ्याला तुम्ही काय पाहिलेत ते कळत नाही. त्याऐवजी "आजच्या अळूच्या फदफद्यात शेंगदाणे अख्खे राहिलेत आणि चिंच अजिबात पुढे पुढे करत नाहीये, म्हणून मी पुन्हा वाढून घेतलं" असे म्हणणारा माणूस निदान ताटाकडे पाहून जेवला, मोबाइलकडे पाहून नव्हे, एवढे तरी सिद्ध होते. सहकाऱ्यालाही "चांगलं काम करता" असे मोघम सांगण्यापेक्षा, गुरुवारच्या बैठकीत ग्राहकाने आकड्यांवर शंका घेतली तेव्हा तिने मागच्या तिमाहीचा तक्ता तत्काळ समोर ठेवला आणि त्यामुळे चर्चा भरकटली नाही, हे सांगा. कार्यालयात मात्र कौतुक कामाचेच असावे. कपड्यांवर आणि दिसण्यावर वरिष्ठाने बोलूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा नकोशा शेरेबाजीचीही दखल घेतो हे तर आहेच, शिवाय "मला हे आवडलं नाही" असे साहेबांना तोंडावर सांगणे कनिष्ठाला फार जड जाते.

लोक अवघडतील ही तुमची भीती मात्र वाजवीपेक्षा मोठी आहे. अमेरिकेतील एरिका बूथबी आणि व्हनेसा बोन्स यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात काही जणांना अनोळखी व्यक्तीचे कौतुक करायला पाठवले आणि समोरच्याला कसे वाटेल याचा अंदाज आधी विचारून घेतला. प्रत्यक्षात समोरच्यांना त्या अंदाजापेक्षा अधिक आनंद झाला, आणि अवघडलेपण अपेक्षेहून कमी निघाले. गडकरी रंगायतनात प्रयोग संपल्यावर रंगपटात जाऊन नटांना मनमोकळी दाद देणारे ठाणेकर आपल्याला ठाऊक आहेत. घरी आल्यावर त्यांचीच जीभ का अडखळते, हे मला न सुटलेले कोडे आहे. पत्नीने पुन्हा "काय हवंय?" असे विचारलेच, तर "काही नाही" म्हणा आणि खरोखर काही मागू नका.

प्रश्न : माझा नऊ वर्षांचा नातू काहीही रेघोट्या मारो, मुलगा आणि सून "वॉव, ग्रेट!" म्हणतात. आमच्या वेळी मुलांचे तोंडावर कौतुक करत नसत, दृष्ट लागते म्हणत. बरोबर कोणाचे?
— एक आजी, नेरूळ

उत्तर : गुरूंची स्तुती समक्ष करावी, मित्रांची पाठीमागे करावी आणि पुत्राची तर करूच नये, असे सांगणारे संस्कृत सुभाषित तुमच्या पिढीने ऐकलेले असेल. त्यातला शेवटचा सल्ला पाळू नये, असे मला वाटते; मात्र सरसकट "ग्रेट"बद्दलची तुमची कुरकुर रास्त आहे. एडी ब्रुमेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात मुलांनी काढलेल्या चित्रांना वेगवेगळ्या प्रमाणात दाद दिली, तेव्हा ज्यांचा स्वतःवरचा विश्वास मुळातच कमी होता ती मुले अतिशयोक्त स्तुतीनंतर अवघड चित्राला हात लावायला कचरली. त्याआधी १९९८ मध्ये क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी असे दाखवले होते की, "तू हुशार आहेस" असे ऐकलेली मुले पुढचे कठीण कोडे चुकल्यावर लवकर माघार घेतात, तर "तू मेहनत घेतलीस" असे ऐकलेली मुले अधिक चिकाटी दाखवतात.

तेव्हा नातवाच्या चित्राजवळ चष्मा लावून बसा आणि लोकलच्या खिडकीचे गज त्याने एकेक करून काढले असतील तर तेवढेच त्याला सांगा. ते तुमच्याकडून ऐकून मुलगा-सूनही हळूहळू तसेच बोलू लागतील. दृष्टीची काळजी वाटतच असेल, तर रात्री मीठ-मोहऱ्या ओवाळून टाका; कौतुकाला त्याची काही आडकाठी नाही.