लेकराची कावीळ उलटली तर काय बघायचं?

तुम्ही लिहिलंय की सात वर्षांच्या मुलीला पावसाळ्यात कावीळ झाली, महिन्याभरात उतरली, आणि आता दोन महिन्यांनी डोळे परत पिवळे झालेत. सासूबाई म्हणतात पंगतीतली भजी बाधली. हिपॅटायटिस ए या काविळीच्या विषाणूचा आयजीएम (ताज्या लागणीत रक्तात दिसणारं प्रतिपिंड) अजूनही पॉझिटिव्ह आहे म्हणून तुम्हाला नवी लागण झाल्याची भीती वाटते.

मी डॉक्टर नाही. लातूर जिल्ह्यात रक्त तपासायची लॅब चालवतो. माझ्या भाच्याची कावीळही अशीच उलटली होती.

भजी निर्दोष आहेत. हिपॅटायटिस ए झालेल्या शंभरात ३ ते २० जणांना दुसरा झटका येतो, बहुतेकदा पहिल्यापेक्षा सौम्य. विषाणू तोच असतो. आयजीएम तर तीन ते सहा महिने पॉझिटिव्ह राहू शकतो, त्यावरून नवी लागण झाली असं म्हणता येत नाही. काही लेकरांत वेगळाच प्रकार होतो: एसजीपीटी (यकृताचं एन्झाइम) बराच खाली येतो, पण पित्त तुंबून बिलिरुबिन (अंग पिवळं करणारं रंगद्रव्य) महिनोन्‌महिने उतरत नाही आणि अंगाला रात्रभर खाज सुटते. भाच्याच्या सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड आणि पोटात थोडं पाणी निघालं. एका पाहुण्याने लगेच 'ऑपरेशन करावं लागतंय' म्हणून सांगून टाकलं! काही आठवड्यांत सगळं आपोआप ओसरलं.

आता खरी गोष्ट. एसजीपीटी २२०० वरून ३०० वर आला की लोक माझ्या काउंटरवरच पेढे वाटायच्या बेतात असतात. लेकरू खेळतंय, जेवतंय, बिलिरुबिनही उतरतंय, तर आनंद रास्त आहे. पण एसजीपीटी घसरतोय आणि बिलिरुबिन चढतंय, तर तो आकडा फसवा असू शकतो. हे एन्झाइम यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात येतं, आणि फुटायला पेशीच उरल्या नाहीत तरीही ते कमीच दिसतं. म्हणून पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते, तपासून घ्या. रक्त गोठवणारे घटक यकृत बनवतं, त्यामुळे ते किती चालतंय हे इथे कळतं. व्हिटॅमिन के देऊनही आयएनआर १.५ च्या वर राहिला आणि लेकरू गुंगीत असेल, किंवा गुंगी नसतानाही तो २ च्या वर असेल, तर तालुक्यात थांबू नका, मोठ्या दवाखान्यात हलवा. या तपासणीची निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरलेली हवी. अर्धवट भरली तर आयएनआर खोटाच वाढलेला दिसतो. अशा नळ्या मी परत पाठवतो आणि शिव्या खातो.

घरी बघायचं ते असं. दिवसा झोप आणि रात्री जागरण, असंबद्ध बोलणं, उलट्या न थांबणं, नाका-हिरड्यांतून रक्त. यातलं एकही दिसलं तर रिपोर्टची वाट बघू नका. असं लाखात नव्हे, पण शंभरात एकाहूनही कमी लेकरांत होतं.

काविळीची माळ घालायची तर घाला, तिने बिघडत नाही. नाकात रस सोडणं आणि डाग देणं मात्र नको. जडीबुटी नको, आणि पॅरासिटामॉलसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तेल-हळद बंद करून लेकराला उपाशी ठेवण्यात काही अर्थ नाही, पचेल ते खाऊ द्या. सहा महिन्यांनंतरही रेंगाळली तर विल्सन आजार (यकृतात तांबं साठणं) आणि ऑटोइम्यून हिपॅटायटिस (शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच यकृतावर उलटणं) तपासायला सांगतील, ते टाळू नका.

तुम्ही टँकरच्या पाण्यात तुरटी फिरवता असं लिहिलंय. तुरटीने गाळ बसतो, विषाणू मरत नाही. पाणी उकळा. उलटलेल्या काविळीत विषाणू पुन्हा शौचातून बाहेर पडतो, तेव्हा तिचं धुतल्यावर तुमचे हातही साबणाने धुवा. धाकट्याला सरकारी दवाखान्यात पेंटाव्हॅलंट (पाच रोगांची एकत्र लस) दिलंय, त्यात हिपॅटायटिस बी येतो, ए नाही. ए ची लस वेगळी, वर्षाच्या वरच्या लेकरांना देतात आणि ती बालरोगतज्ज्ञांकडे विकत घ्यावी लागते. मुलीला दाखवायला जाल तेव्हा त्यालाही सोबत न्या.