घरशाळेचं वर्ष संपलं, हे मुलांना कळावं कसं?

तुम्ही विचारलंय की होमस्कूलिंगचं पहिलंच वर्ष संपत आलंय, १ मेच्या आसपास सोसायटीतली बाकीची मुलं निकाल घेऊन येतील, आपल्या मुलांच्या हातात मात्र काहीच नसेल. मग वर्ष संपल्याचं घरच्या घरी साजरं कसं करायचं? आमचं हे चौथं वर्ष. मुलगी बारा वर्षांची, मुलगा नऊचा, राहायला पुण्यात. पहिल्या वर्षी आम्ही काय केलं ते आधी सांगतो, म्हणजे तुम्ही तरी ते करणार नाही.

पहिल्या वर्षी आम्ही हौसेनं काळा गाऊन आणि गोंड्याची टोपी ऑनलाइन मागवली, 'चौथी उत्तीर्ण' असं प्रमाणपत्र छापून आणलं, केक आणला आणि वीसएक नातेवाइकांना बोलावलं. मुलगी टोपी घालून उभी राहिली. एका काकांनी विचारलं, "मग आता पाचवीत का? बरं, सतरा नव्वे किती?" ती टोपीचा गोंडा चाळवत गप्प. सगळी खोली गप्प. शेवटी आजीच म्हणाली, "अरे, केक कापा, वितळतोय." रात्री दिवे घालवल्यावर अंथरुणातून आवाज आला, "बाबा, एकशे त्रेपन्न." शाळेची नक्कल केली की लोक शाळेसारखी परीक्षाही घेतात, यात काकांचा दोष नाही, सोंग आमचं होतं.

दुसऱ्या वर्षी त्या धसक्यानं काहीच केलं नाही. ते त्याहून वाईट झालं. शाळेत घंटा होते, शेवटचा पेपर होतो, वर्ष आपोआप संपतं. घरात ते कुणीतरी संपवावं लागतं. आम्ही संपवलंच नाही, तर मेच्या उन्हाळ्यातही माझं आपलं "एवढं अपूर्णांकांचं प्रकरण उरकू, मग सुट्टी" चालूच. धड अभ्यास नाही, धड सुट्टी नाही, आणि रोज दुपारी भांडणं. म्हणून साजरं कसं करायचं हे नंतर बघा, आधी तारीख ठरवा. आम्ही एप्रिलचा शेवटचा रविवार धरतो. शेजारची मुलं निकाल घेऊन खाली येतात तेव्हा आमच्या मुलांची सुट्टी सुरू होऊन चार दिवस झालेले असतात, त्यामुळे कोण कितवा आला या गप्पा त्यांना फारशा टोचत नाहीत.

त्या रविवारी सकाळी आम्ही वह्या बांधतो. तुमच्या-माझ्या लहानपणी घरोघरी चालायचं तेच: वर्ष संपलं की जुन्या वह्यांतली कोरी पानं काढायची आणि पुढच्या वर्षासाठी रफ वही करायची. माझे वडील हे काम अजून मन लावून करतात, त्यामुळे त्या दिवशी मुख्याध्यापक तेच. सगळ्या वह्या जमिनीवर मांडायच्या. पिना उचकटायच्या. लिहिलेली पानं एका बाजूला, कोरी दुसऱ्या बाजूला. कोरी पानं बहुतेक सुटी निघतात, कारण त्यांचं जोडीचं पान वहीच्या पहिल्या अर्ध्या भागात लिहून झालेलं असतं. म्हणून ती मधोमध न शिवता कडेनं शिवावी लागतात. गठ्ठा जमिनीवर चारी बाजूंनी ठोकून सारखा करायचा, दाभणानं तीन भोकं पाडायची (हे आजोबाच करतात), गोधडीच्या जाड दोऱ्यानं शिवायचं आणि वर जुन्या कॅलेंडरच्या पानाचं कव्हर, गुळगुळीत बाजू आत. खळ मैद्याची. तिला वाळवी-झुरळं लागू नयेत म्हणून आजोबा चिमूटभर मोरचूद घालतात, ते विषारी असतं म्हणून खळ लावायचं कामही त्यांच्याकडेच.

हे करताना वर्षाचा सगळा हिशेब आपोआप समोर येतो. मुलीच्या गणिताच्या तीन वह्या शेवटच्या ओळीपर्यंत भरलेल्या. मराठीची निम्मी. हिंदीची सहा पानं. मुलाच्या परिसर अभ्यासाच्या वहीत परिसर अभ्यास औषधालाही नाही, पण स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या मुंग्यांची रांग सलग अकरा दिवस काढलेली, साखरेच्या डब्याची जागा बदलली त्या दिवसाच्या खुणेसकट. ही वही कधी झाली ते मला ठाऊकच नव्हतं. कोरी पानं मोजताना कुणी कुणाला बोलायचं नाही असा नियम आहे, आणि तो पाळणं सगळ्यात जड मलाच जातं.

दुपारी आमरस-पुरी. आंबे घरात आधीही येतात, पण अख्खी पेटी आम्ही त्या दिवसासाठीच आणतो. (एप्रिल सरता सरता हापूसचा भाव जरा खाली येतो, हे खरं कारण.) पेंढ्यात हात घालून कुठला पिकलाय ते शोधायचं काम मुलांचं. यावर जास्त लिहीत नाही, आमरस कसा साजरा करायचा हे मराठी माणसाला सांगायला नको.

संध्याकाळचा भाग मात्र मुलांनी शोधलेला आहे. तिसऱ्या वर्षी मुलगा म्हणाला, "पास झाल्यावर सगळे पेढे वाटतात, आपण का नाही?" मी म्हटलं, वाटू, पण कुणाला? मग दोघांनी बसून यादी केली: वर्षभरात आपल्याला काही शिकवलं त्यांना. यादीत किराणा दुकानदार आला, कारण तराजूवर पावकिलो, अर्धा किलो त्याच्याकडे शिकले. वाचनालयातल्या बाई आल्या. खालच्या मजल्यावरच्या आजी आल्या, त्यांनी मुलीला टाके घालायला शिकवलं. आणि कोपऱ्यावरचा सायकलवाला आला. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात फिरवत बुडबुडे कुठून येतात ते बघायचं, तिथे काडीनं खूण करायची, घासायचं, सोल्युशन लावून ते सुकेपर्यंत थांबायचं, मग पॅच. हे त्यानं मुलाकडून चार वेळा करून घेतलं होतं. पेढा घ्यायच्या आधी त्यानं चिंधीला हात पुसले आणि विचारलं, "पास झाला का?" मुलगा म्हणाला, "पंक्चर येतं काढता." तो म्हणाला, "मग झालाच की," आणि दुसरा पेढा उचलून त्याच्याच तोंडात घातला. गाऊन-टोपीच्या दिवशी आम्हाला जे हवं होतं ते हे होतं.

त्यानंतर एखाद्या दिवशी एक सहल. अट एकच, वर्षभरात जे वाचलं-ऐकलं त्यातली एक गोष्ट प्रत्यक्ष बघून यायची, आणि कुठली ते मुलांनी ठरवायचं. आमचा मुलगा अखंड बडबडतो म्हणून आजी त्याला 'नारोशंकराची घंटा' म्हणते. ही घंटा खरोखरच नाशिकला गोदावरीच्या काठी आहे आणि १७३९मध्ये चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली त्या विजयाशी तिचं नातं आहे, हे कळल्यावर स्वारी हरखली. नाशिकला जायला जमेना, म्हणून एसटीनं वाईला गेलो आणि तिथून शेजारच्या मेणवलीला. नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे, तिथे महादेवाच्या देवळाशी अशीच वसईहून आणलेली घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. मुलगा खाली उभा राहून मान वर करून बघत राहिला आणि चक्क पाच मिनिटं गप्प बसला. मग विचारलं, "ही वाजली की कुणाला ऐकू जात असेल, महादेवाला का मेरीला?" मला उत्तर आलं नाही. नाशिकची घंटा पुढच्या वर्षीच्या यादीत आहे.

तुमची मुलं मोठी असतील आणि दहावी मुक्त विद्यालयातून, म्हणजे एनआयओएसमधून करत असतील, तर मात्र तारीख त्यांच्या परीक्षेप्रमाणे हलवा. ती परीक्षा वर्षातून दोनदा होते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. विषय एकेक करून सोडवता येतात, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. त्यामुळे तिथे वर्षाऐवजी दर विषयाच्या पेपरनंतर काहीतरी छोटं केलेलं बरं. निकालाची वाट बघत बसू नका, पेपर झाला त्याच संध्याकाळी करा.

नातेवाइकांना काय सांगायचं हेही तुम्ही विचारलंय. आम्ही बोलावणं बंद केलं, पेढे घरपोच देतो. "कितवीत गेली?" असं कुणी विचारलंच तर मुलगी आता स्वतःच सांगते, "सहावीचं गणित, आठवीची चित्रकला, आणि हिंदी विचारू नका."

यंदाची रफ वही एकशे चौऱ्याऐंशी पानांची झाली. गेल्या वर्षी दोनशे बारा होती. यंदाच्यातली जवळजवळ शंभर पानं एकट्या हिंदीची आहेत.