'सायको', सहृदय आणि अहृदय

अध्यात्मविषयक एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करणाऱ्या वाचकाने तीन शब्द विचारले आहेत: 'क्रिएटिव्हिटी', 'एम्पथी' आणि 'सायकोपॅथ'. त्यांनी योजलेले प्रतिशब्द अनुक्रमे 'सृजनशीलता', 'सहानुभूती' आणि 'मनोरुग्ण'. सोबत एक उपप्रश्नही आहे. मूळ लेखक म्हणतो की सायकोपॅथ खऱ्या अर्थाने निर्मिती करू शकत नाही. हे आपल्या परंपरेत बसते का?

तिन्ही शब्द बदला.

'सृजन' व्याकरणात बसत नाही. सृज् धातूला 'अन' लागला की गुण होऊन 'सर्जन' होते. गणपतीचे आपण विसर्जन करतो, विसृजन करत नाही. तेव्हा 'सर्जनशीलता'. यावर जास्त बोलण्याची गरज नाही.

'मनोरुग्ण' मात्र नुसता चुकीचा नाही, अन्यायाचा आहे. हल्ली कोणी तापट निघाला, एकलकोंडा असला, रात्र-रात्र जागून चित्रे काढत बसला की त्याला 'सायको' म्हणून मोकळे होतात. या आखूड शब्दात सायकोसिस आणि सायकोपॅथी या दोन अगदी निराळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत. सायकोसिसमध्ये माणसाला भास होतात, भ्रम होतात, वास्तवाचा धागा सुटतो आणि तो स्वतः त्यात होरपळत असतो. तो रुग्ण आहे, त्याला उपचार हवेत आणि आपली माया हवी. सायकोपॅथला भास होत नाहीत. हर्वे क्लेक्ली या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९४१ मध्ये ज्याचे सविस्तर वर्णन केले, तो माणूस वरून अगदी धडधाकट दिसतो: बोलायला गोड, विचाराला तल्लख आणि पश्चात्तापाचा लवलेश नाही. कॅनडातील रॉबर्ट हेअर यांच्या तपासणीसूचीत २० मुद्दे आहेत आणि ४० पैकी साधारण ३० गुणांच्या पुढे हा शब्द लावतात. तेही प्रशिक्षित तज्ज्ञाने करायचे काम आहे, शेजाऱ्याने नव्हे. दोघांना एकच नाव देऊन आपण आजारी माणसाच्या माथी क्रौर्य मारतो. हे थांबले पाहिजे.

आता 'एम्पथी'. 'सहानुभूती'चा मूळ अर्थ वास्तविक उत्तम आहे, सह म्हणजे सोबत अनुभवणे. पण वापरून वापरून तो शब्द शोकसभेतल्या दोन ओळींपुरता उरला. म्हणून मानसशास्त्राच्या पुस्तकांनी 'समानुभूती' आणला, आणि तो मला मुळीच मान्य नाही. समान अनुभूती कोणाला कोणाची होते? ज्याचा मुलगा गेला त्याच्यासारखे मला वाटते असे म्हणणे हा उद्धटपणा आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला मिठी मारतो तिथे ज्ञानदेव काय म्हणतात पाहा:

हृदया हृदय येक जालें । ये हृदयींचें ते हृदयीं घातलें ।
द्वैत न मोडितां केलें । आपणाऐसें अर्जुना ॥

'द्वैत न मोडितां'! दोन माणसे दोनच राहतात आणि तरी या हृदयातले त्या हृदयात जाते. 'समानुभूती' घडवणाऱ्यांनी ही ओवी आधी वाचायला हवी होती.

मग शब्द कोणता? अनुकंपा. हो, तोच, जो आता फक्त 'अनुकंपा तत्त्वावर नियुक्ती' या सरकारी फायलीत उरला आहे. त्याची फोड करा: अनु आणि कंप. दुसरा थरथरला, त्याच्या मागोमाग मी थरथरलो. सतारीत वाजवायच्या तारांखाली तरफेच्या तारा असतात. त्यांना कोणी छेडत नाही, पण वरची तार वाजली की त्यांच्यापैकी जी त्या सुरात लावलेली असते ती आपोआप झंकारते. तार वेगळी, कंप तोच. एका शब्दात इतके नेमके वर्णन मला अन्य कुठल्या भाषेत आढळलेले नाही. अमरसिंहाच्या अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशाने कृपा, दया, अनुकंपा, अनुक्रोश यांना एका ओळीत पर्याय म्हणून बसवले, आणि तेव्हापासून कोशकार तीच ओळ गिरवत आले. माझे स्पष्ट मत आहे की अमरसिंहाने इथे घोटाळा केला. दया वरून खाली येते, अनुकंपेला वर-खाली नाही. पाली परंपरेतल्या बुद्धघोष या बौद्ध भाष्यकाराला हे कळले होते. पाचव्या शतकात त्याने 'करुणा' शब्दाची फोड करताना सांगितले की दुसऱ्याच्या दुःखाने सज्जनांच्या हृदयाला कंप आणते ती करुणा. ही व्युत्पत्ती व्याकरणाला धरून नाही असे पंडित म्हणतील. म्हणोत. अर्थाची नाडी त्याच्याच हाताला लागली होती.

आणि हा कंप थेट काश्मीरपर्यंत जातो. काश्मिरी शैव आचार्य अभिनवगुप्त आपल्या 'तंत्रालोक' या ग्रंथाच्या तिसऱ्या आह्निकात, म्हणजे प्रकरणात, म्हणतो की मधुर गाणे कानी पडले, चंदनाचा स्पर्श झाला, आणि माणसाचे तटस्थपण गळून हृदयात जे स्पंदन उठते ती आनंदशक्ती. तिच्यामुळेच माणसाला सहृदय म्हणतात. आपण 'सहृदय' म्हणजे दयाळू, देणगी देणारा एवढाच अर्थ धरून बसलो आहोत. अभिनवगुप्ताचा सहृदय म्हणजे ज्याच्या मनाचा आरसा काव्याच्या सरावाने इतका लख्ख झाला आहे की समोर येईल त्याच्याशी तो तन्मय होऊ शकतो. युरोपातही गोष्ट कलेपासूनच सुरू झाली, हे मला फार महत्त्वाचे वाटते. रॉबर्ट फिशर या सौंदर्यशास्त्रज्ञाने १८७३ मध्ये जर्मनमध्ये 'आइनफ्यूलुंग' हा शब्द कलाकृतीत शिरून अनुभवण्यासाठी वापरला आणि मानसशास्त्रज्ञ टिचनरने १९०९ मध्ये त्यासाठी 'एम्पथी' हा इंग्रजी शब्द घडवला. रसिकता आणि माणुसकी यांचे मूळ एक आहे, हे दोन्हीकडे भाषेलाच आधी कळले.

आता मला सर्वांत प्रिय असलेला शब्द. त्याच आह्निकात पुढे अभिनवगुप्त विचारतो की ज्यांना सुरात तन्मयता येतच नाही, ज्यांना देहाचा विसर पडणे ठाऊकच नाही, ज्यांची जाणीव बुडालेली आहे, त्यांना काय म्हणावे? उत्तर: अहृदय. सायकोपॅथ या शब्दाला याहून चांगला प्रतिशब्द मिळणार नाही. 'निर्दय' नको, कारण निर्दयाला दया ठाऊक असते आणि तो ती नाकारतो. 'हृदयशून्य' तर नकोच. काश्मिरी शैवांच्या दृष्टीने हृदय म्हणजे चैतन्यच, ते कोणाच्याही ठायी शून्य असू शकत नाही. अहृदयाला ते आहे, पण त्याची त्याला खबर नाही.

यावर मानसशास्त्राचे जाणकार आक्षेप घेतात की सायकोपॅथला दुसऱ्याचे मन उत्तम कळते, म्हणजे त्याच्याकडे अर्धी एम्पथी असतेच. हे अर्धे-पाऊण हिशेब मला पटत नाहीत. दुसऱ्याचे मन कळणे याला पतंजलीने वेगळे नाव दिले आहे, परचित्तज्ञान. योगसूत्रांच्या विभूतिपादात, म्हणजे तिसऱ्या भागात, ते सिद्धींमध्ये येते, आणि त्याच पादात तो बजावतो की या सिद्धी समाधीतले अडथळे आहेत. चित्त वाचणे ही विद्या झाली. तिच्यात कंप नाही. ठगालाही ती येते.

उपप्रश्नाचे उत्तर यातच आले. 'ध्वन्यालोक' या काव्यशास्त्राच्या ग्रंथावरील 'लोचन' या आपल्या टीकेच्या पहिल्याच श्लोकात अभिनवगुप्त सरस्वतीच्या तत्त्वाला 'कविसहृदय' असे नाव देतो, एकाच समासात दोघे. ते तत्त्व दगडासारख्या जगाला आपल्या रसाने पाझर फोडते असे तो म्हणतो. म्हणजे कवीपासून सहृदयता वेगळी काढताच येत नाही. काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्याच्या कारणांत शक्ती (म्हणजे प्रतिभा), निपुणता आणि अभ्यास सांगितले. अहृदयाला निपुणता आणि अभ्यास भरपूर साधतील, शक्ती नाही. 'विकृत प्रतिभा' हा वृत्तपत्री शब्दप्रयोग म्हणूनच टाकून द्यावा.

भाषांतरात 'सायकोपॅथ' पहिल्यांदा येईल तिथे तो शब्द तसाच ठेवा, लगेच 'अहृदय' असा पर्याय द्या आणि पुढे सर्वत्र तोच चालवा. एम्पथीला 'अनुकंपा'. संपादक नोकरीची आठवण काढून हरकत घेतील, तर त्यांना अनु आणि कंप अशी फोड करून दाखवा.